येनचं कर्ज, घेणाऱ्याचं गणित

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीतून पाहिलं तर जपानची मदत ही फार लांबची गोष्ट वाटते. बुलेट ट्रेन मुंबई-अहमदाबादची, भुयारी मेट्रो कुलाब्याची, समुद्रावरचा पूल शिवडीचा. मराठवाड्यातल्या माणसाला त्यातलं जवळचं म्हणावं असं मोठं काम अजिंठा-वेरूळचं, आणि तेही जपानच्या कर्जातून झालं हे लेणी पाहून आलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. मतं मात्र सगळ्यांकडे तयार असतात. काहींना ही बुद्धाच्या नात्याने जोडलेल्या देशाची मैत्री वाटते. काहींच्या मते जपान आपला माल खपवण्यासाठी कर्ज देतो आणि बुलेट ट्रेनच्या कर्जावरचं ०.१ टक्का व्याज हे निव्वळ आमिष आहे. दोन्ही पक्ष देणाऱ्याच्या मनात डोकावण्यात गुंतलेले असतात. माझं म्हणणं असं की देणाऱ्याच्या मनात काय आहे हे सत्तर वर्षांपासून उघड आहे आणि त्यात आता शोधण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पैशाचं पुढे काय झालं हे बहुतेक वेळा घेणाऱ्याने ठरवलं: त्याला नेमकं काय हवं होतं, आणि ते मागायला, राबवायला, पुढे चालवायला त्याच्याकडे जबाबदार असं कोण होतं. याचा पुरावा गोळा करायला जकार्ता-मनिला गाठायची गरज नाही. गोव्याच्या खाणी, खोपोलीची भातखाचरं, घाटघर, मणिबेली आणि फर्दापूर एवढा ऐवज आपल्याच भागात पडलेला आहे.

आधी जपानचा हेतू निकालात काढू. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जपानने आशियात ज्याला आपण मदत म्हणतो ती सुरू केली ती युद्धाची भरपाई म्हणून. ब्रह्मदेशाशी १९५४ मध्ये २० कोटी डॉलरचा करार झाला, फिलिपिन्सशी १९५६ मध्ये ५५ कोटींचा, इंडोनेशियाशी १९५८ मध्ये सुमारे २२ कोटींचा. ही भरपाई मुख्यतः रोख नव्हती. जपानी यंत्रं, जपानी जहाजं, जपानी अभियंत्यांची सेवा अशा रूपात ती दिली गेली. म्हणजे ज्या देशांना जपानने तुडवलं होतं, त्याच देशांत जपानी कारखान्यांचं नाव पुन्हा पोहोचलं आणि खर्च भरपाईच्या खात्यात पडला. भारताची गोष्ट वेगळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या तह परिषदेला भारत गेलाच नाही. जून १९५२ मध्ये त्याने जपानशी स्वतंत्र तह केला आणि भरपाईचा हक्क सोडून दिला. म्हणून १९५७ मध्ये पंतप्रधान किशी दिल्लीला आणि नेहरू टोकियोला जाऊन आल्यावर, १९५८ च्या सुरुवातीला भारताला १८ अब्ज येन देण्याचं ठरलं, तेव्हा ते भरपाई म्हणून देता येण्यासारखं नव्हतं. ते कर्ज होतं. जपानने कुठल्याही देशाला दिलेलं हे पहिलं येन-कर्ज. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भारताची परकीय गंगाजळी आटत होती आणि जपानला यंत्रं विकायची होती. कर्जाचा पैसा जपानी मालावरच खर्च करायचा, अशी अट होती. दोन्हीकडची गरज स्वच्छ होती, कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथे विसरून चालत नाही. भारताला कर्ज देणारा हा जपान त्याच सुमारास स्वतः जागतिक बँकेच्या दारात उभा होता. टोकियो-ओसाका शिंकान्सेनसाठी त्याने १९६१ मध्ये बँकेकडून आठ कोटी डॉलर घेतले. जागतिक बँकेचं जपानचं शेवटचं देणं फिटलं ते १९९० मध्ये. कर्ज घेऊन वर आलेल्या देशाने मग दुसऱ्यांना तोच मार्ग दाखवला: अनुदान कमी, परतफेडीचं कर्ज जास्त, आणि ते मुख्यतः रस्ते, बंदरं, वीज यांसाठी. पश्चिमेकडचे देणगीदार याला कंजूषपणा म्हणत. जपानी अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असे: परत करायचं आहे म्हटल्यावर माणूस पैसा विचार करून वापरतो. हा दावा अर्धाच खरा आहे. परत करण्याची चिंता अर्थखात्याला असते आणि पैसा वापरतं भलतंच खातं. या फटीकडे पुढे यायचंच आहे.

आता गोवा. १९५१ मध्ये, म्हणजे भारताच्या कर्जाच्याही आधी, निप्पॉन कोकान या पोलाद कंपनीच्या खाण शाखेने गोव्यातल्या चौगुले कंपनीशी करार केला. शिरगावच्या खाणीसाठी यंत्रसामग्री जपानने पुरवायची आणि तिची किंमत लोहखनिजाच्या रूपाने फेडून घ्यायची. युद्धानंतर जपानने परदेशात खनिजासाठी केलेल्या अशा पहिल्या व्यवहारांत हा गणला जातो. टोपल्या आणि कुदळीच्या जागी यांत्रिक फावडी आली, डिचोलीच्या डोंगरातून खनिज ट्रकने नदीकाठी, तिथून बार्जने मांडवीतून मुरगावला आणि मुरगावहून जहाजाने जपानला. पन्नाशीच्या आरंभी काही लाख टनांवर असलेली गोव्याची निर्यात १९६० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांच्या पुढे गेली. गोव्यातल्या काही घराण्यांच्या हाती मोठा पैसा आला, बार्जांचा धंदा उभा राहिला, मुरगाव बंदर वाढलं. पण खनिज गेलं ते माती म्हणूनच गेलं. त्याचं पोलाद दुसरीकडे झालं.

याच्या शेजारी दक्षिण कोरिया ठेवून पाहा. पस्तीस वर्षं जपानची वसाहत राहिलेल्या या देशाने १९६५ मध्ये जपानशी करार करून ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर सरकारी कर्ज घेतलं. रस्त्यावर विद्यार्थ्यांचा इतका संताप उसळला होता की आदल्या वर्षी सेऊलमध्ये लष्करी कायदा लावावा लागला. त्या पैशातला मोठा वाटा कोरियाने पोहांगच्या पोलाद कारखान्यात घातला. देशात पुरेसं चांगलं खनिज नाही, बाजार लहान, आणि पाश्चात्त्य बँकांनी हा कारखाना परवडणारा नाही म्हणून हात झटकलेले. तरी १९६८ मध्ये पोस्को स्थापन झाली आणि १९७३ मध्ये भट्टी पेटली. तंत्रज्ञान देणाऱ्या जपानी कंपन्यांत निप्पॉन कोकानही होती. म्हणजे शिरगावहून खनिज नेणारी तीच कंपनी पोहांगला पोलाद बनवायला शिकवत होती. कंपनीचा स्वभाव मधल्या काळात बदललेला नव्हता. फरक टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसात होता. कोरियन सरकारने मागितला तो कारखाना आणि कारखान्याबरोबर प्रशिक्षण. गोव्यात मागितली गेली ती फक्त यंत्रं आणि खरेदीची हमी.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: गोव्यात मागणारं होतंच कोण? १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. लिस्बनला गोव्यात पोलाद करण्यात काडीचा रस नव्हता, आणि खाण-मालकाने आपल्या धंद्यापुरतं पाहिलं तर त्याला दोष देता येणार नाही. हे सगळं मान्य. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो. जिथे घेणाऱ्याच्या बाजूला स्वतःची योजना असलेली सत्ता नसते, तिथे देणाऱ्याची गरज हीच योजना बनते. मुक्तीनंतर तरी चित्र किती बदललं? शिरगावच्या करारानंतर पन्नासेक वर्षांनी कमी प्रतीच्या खनिजाला चीनचं गिऱ्हाईक मिळालं तेव्हा गोवा पुन्हा तेच करत होता, जास्त वेगाने, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खाणी थांबवाव्या लागल्या. कोरियाचं गुणगान करताना मात्र हात आखडता घ्यायला हवा. युद्धात सक्तीने राबवलेल्या कोरियन मजुरांच्या वाट्याला त्या ५० कोटींतलं नगण्य आलं. त्यांच्या नावावर मिळालेला पैसा भट्टीत गेला आणि ते भांडण २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात पुन्हा उभं राहिलं. राष्ट्राचा फायदा आणि माणसांचा न्याय एकाच पावतीवर मावला नाही.

पैशाच्या आधी ज्ञान येतं, आणि तिथे घेणाऱ्याची निवड अधिक स्पष्ट दिसते. १९५० च्या दशकाच्या आरंभी बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीच्या भातशेतीचे प्रयोग झाले. कन्हैयालाल मुनशी तेव्हा केंद्रात अन्नमंत्री होते. १९५३ पासून या पद्धतीची देशभर मोहीम निघाली. पुढे साठीच्या दशकात जपान सरकारशी झालेल्या करारातून भारतात प्रात्यक्षिक शेतं उभी राहिली, त्यातलं एक रायगड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, खोपोलीला. पद्धत अशी: बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, वर तरंगणारं हलकं बी काढून फेकायचं, तळाशी बसलेलं भरदार बी धुऊन वापरायचं. रोपासाठी उंच गादीवाफे करायचे. लावणी ओळीत, दोन चुडांत मोजून अंतर ठेवून, म्हणजे मधून हातकोळपं फिरेल. आणि खत भरपूर. कोकणातला शेतकरी तोवर शेण, पालापाचोळा, कवळं जाळून राब भाजत होता आणि त्या राबावर तरवा काढत होता. त्याने या जपानी पद्धतीतलं काय उचललं? मिठाच्या पाण्याची परीक्षा उचलली. खरिपाच्या तोंडावर कृषी विभाग आजही तीच सांगतो. काही ठिकाणी ओळीतली लावणी उचलली. भरपूर खताची गोष्ट मात्र फसली, कारण आपल्या उंच वाढणाऱ्या जुन्या जाती खत खाऊन लोळायच्या आणि दाणे चिखलात जायचे. शिवाय तेव्हा खत मिळत होतं कुठे? जपानची बुटकी जापोनिका जात आणि कोकणचा पाऊस यांचं गणित वेगळं होतं. मोहीम म्हणून जपानी भातशेती विरली, पण तिच्यातलं जे आपल्या खाचरात बसलं ते राहिलं. अधिकाऱ्यांच्या अहवालात याला अपयश म्हटलं जाईल. मला हा देवघेवीतला सगळ्यात निरोगी व्यवहार वाटतो. कुणी कुणाचं देणं लागलं नाही आणि शेतकऱ्याने आपल्या अकलेने गाळून घेतलं.

मोठ्या कर्जाच्या कामांत ही गाळणी शेतकऱ्याच्या हातात नसते. अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी जपानचं कर्ज मंजूर झालं १९८८ मध्ये आणि २५० मेगावॉट वीज तयार व्हायला लागली २००८ मध्ये. रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच कोकणकड्यावरून खाली सोडायचं, ही उत्तम कल्पना. पण तिला वीस वर्षं लागली. येन तयार होते, मंजुऱ्या नव्हत्या. याउलट दिल्ली मेट्रो पाहा. तिलाही जपानचंच कर्ज, १९९७ पासून. कोकण रेल्वे बांधून हातावेगळी करत असलेले ई. श्रीधरन तिथे गेले, एकाच महामंडळाच्या हाती निर्णय, निविदा आणि वेळापत्रक दिलं गेलं, आणि सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा २००५ मध्ये मुदतीच्या आधी पुरा झाला. उसनी बैलजोडी मिळाली तरी वाफसा ओळखायचा तो शेताच्या धन्यानेच.

पण घेणारा म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न मी इथवर सोयीने टाळला. नर्मदेकाठच्या मणिबेलीत तो टाळता येत नाही. सरदार सरोवराच्या वीजघरातल्या टर्बाइन्ससाठी जपानने १९८५ मध्ये कर्ज दिलं. घेणारं होतं सरकार. बुडणार होती ती माणसं, त्यांत महाराष्ट्रातली, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा-अक्राणीची मणिबेलीसह ३३ आदिवासी गावं. नर्मदा बचाव आंदोलनाने हा प्रश्न १९९० मध्ये थेट टोकियोत नेला. तिथल्या पर्यावरणवादी संघटना, वृत्तपत्रं, संसदेतले सदस्य यांनी तो उचलला आणि त्याच वर्षी जपानने पुढचा पैसा रोखला. जागतिक बँकेच्या माघारीच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट आहे. देणाऱ्याने काहीच ठरवलं नाही, असं म्हणणाऱ्याला हा दाखला अडवतो. देणारा हात काढून घेऊ शकतो, आणि त्याच्या देशातलं लोकमत त्याला तसं करायला लावू शकतं. तरी पुढे काय झालं? भारतातल्या सरकारांनी आपल्या पैशाने धरण पुरं केलं आणि २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले. जपान गेल्याने धरण थांबलं नाही. प्रश्न जगभर पोहोचला, पुनर्वसनाच्या लढ्याला बळ मिळालं, हे खरं. पण निर्णय दिल्ली-गांधीनगरचाच राहिला. म्हणून मी घेणारा म्हणतो तेव्हा एकच एक माणूस नजरेसमोर ठेवून चालत नाही. घेणाऱ्यांत मागणारा वेगळा, फेडणारा वेगळा, बुडणारा वेगळा असू शकतो, आणि कर्जाच्या कागदावर सही फक्त पहिल्याची असते.

आता मराठवाड्यात येऊ. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पाचा पहिला टप्पा जपानच्या १९९२ च्या कर्जातून झाला, रक्कम सुमारे पावणेचार अब्ज येन. दुसरा टप्पा २००३ चा, सात अब्जांहून थोडा जास्त. मधल्या काळात पोखरणच्या अणुचाचण्यांमुळे जपानने १९९८ पासून २००१ पर्यंत भारताला नवी कर्जं देणं थांबवलं होतं. या पैशातून काय झालं ते डोळ्यांना दिसतं. पूर्वी गाड्या अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी जाऊन धूर सोडत. दीड-दोन हजार वर्षांच्या चित्रांना धूर, धूळ, ओल सगळंच घातक. आता खासगी वाहनं चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात आणि पुढे कमी प्रदूषणाच्या बसने जावं लागतं. डोंगरावर झाडं लावली गेली, रस्ते सुधारले, पाणीपुरवठा झाला, चिकलठाण्याच्या विमानतळाला नवी इमारत मिळाली. हे सगळं चांगलं आहे, आणि फर्दापूरला बससाठी रांगेत ताटकळताना वैताग आला तरी ते चांगलंच आहे. पण दुसऱ्या टप्प्यातलं सगळ्यात मोठं स्वप्न होतं अभ्यागत केंद्रांचं. अजिंठ्याच्या केंद्रात १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती, म्हणजे गर्दीचा काही भार खऱ्या चित्रांवरून उतरावा. कल्पना फार विचारपूर्वक होती. उद्घाटनानंतर काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं.

ही थकबाकी मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. इमारत बांधायला येन होते, दिवा लावायला रुपये नव्हते. कर्जाच्या करारात बांधकामाचा शेवटचा खिळाही मोजलेला असतो, पण दरमहा येणाऱ्या बिलाचा धनी कोण हे मोघम राहतं. अजिंठ्याचं काम पुरातत्त्व खातं, पर्यटन महामंडळ, बांधकाम खातं, वनखातं, विमानतळ प्राधिकरण अशा अनेकांत वाटलेलं होतं. प्रत्येकाने आपला तुकडा पुरा केला, सगळ्याचा मिळून मालक कुणीच नव्हता. त्यात लेण्यांकडे जाणाऱ्या जळगाव रस्त्याचं रुंदीकरण कित्येक वर्षं रखडलं, तेव्हा विमानाने आलेला जपानी पाहुणा फर्दापूरपर्यंत हाडं खिळखिळी करून घेऊन पोहोचे. कुणी म्हणेल, जपाननेच देखभालीची अट घालायला हवी होती. घालता आली असती. पण परक्या देशाच्या बँकेने आपल्या नळाचं बिल कुणी भरायचं हे ठरवून द्यावं, अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे राज्य चालवण्याचं कामही कर्जाऊ घेण्यासारखं आहे.

थायलंडने हे काम स्वतःकडे ठेवलं. बँकॉकच्या आग्नेयेला लेम चाबांग आणि माप ता फुत इथे बंदरं व उद्योगनगरी उभारायला त्याने ऐंशीच्या दशकात जपानचं भरघोस कर्ज घेतलं. पण १९८५ मध्ये कर्जाचा बोजा वाढतोय असं दिसताच बँकॉकच्या नियोजन मंडळाने जपानची घाई असतानाही काम थांबवून फेरविचार केला, प्रकल्पाचा आकार आणि क्रम बदलला. त्याच वर्षी डॉलर उतरवण्यासाठी बड्या देशांत झालेल्या प्लाझा करारानंतर येन कडाडला, जपानी कारखाने स्वस्त जागा शोधत बाहेर पडले आणि तयार होत असलेल्या लेम चाबांगकडे वळले. नशीब होतं का? होतंच. पण अकरा वर्षं आधी, जानेवारी १९७४ मध्ये, जपानी पंतप्रधान तानाकांच्या दौऱ्यात बँकॉकमध्ये निदर्शनं आणि जकार्तात जाळपोळ झाली होती. जपानी मालाविरुद्धची ती चीड थायी अधिकाऱ्यांना नकार द्यायला उपयोगी पडली असावी, असा माझा तर्क आहे.

प्लाझा करारातून निघणारा आक्षेप जास्त गंभीर आहे. १९८५ मध्ये डॉलरला सुमारे २४० येन मिळत, दोन-तीन वर्षांत १३० च्या आसपास. ज्यांनी येनमध्ये कर्ज घेतलं होतं आणि कमाई डॉलरमध्ये होती, त्या इंडोनेशियासारख्या देशांचं देणं व्याज न वाढताही फुगलं. म्हणून बुलेट ट्रेनचं ०.१ टक्का व्याज, पन्नास वर्षांची मुदत आणि पहिली पंधरा वर्षं हप्ता नाही, हे ऐकून कर्ज जवळजवळ फुकट म्हणणं भोळेपणा आहे. पन्नास वर्षांत येन कुठे असेल हे कुणी सांगू शकत नाही. अलीकडे तो घसरला आहे, म्हणून आज आपण फायद्यात दिसतो, इतकंच. आणि मूळ अट होतीच: गाडी, सिग्नल, तंत्र जपानचं. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे मोठे पोलादी गाळे बसवण्यातही जपानी कंपन्यांचा सहभाग होता. यात गैर काही नाही, फक्त खऱ्या व्याजाचा हिशेब करताना हा माल दुसरीकडून कितीला मिळाला असता तो आकडा त्यात धरावा लागतो.

दिरंगाई मात्र जपानच्या खात्यावर टाकता येणार नाही. कुलाबा-वांद्रे-सीप्झ भुयारी मेट्रोचं पहिलं कर्ज २०१३ चं. खर्चाचा अंदाज २३,१३६ कोटी होता, २०२२ पर्यंत तो ३३ हजार कोटींच्या पुढे गेला. मधे कारशेड आरेतून कांजूरमार्गला आणि कांजूरमार्गहून पुन्हा आरेत आली. आरेतली झाडं वाचावीत ही मागणी क्षुल्लक नव्हती, पण तिचा निकाल मार्ग आखतानाच लागायला हवा होता, खोदकाम निम्मं झाल्यावर नव्हे. बुलेट ट्रेनचं तेच. गुजरातमध्ये खांब उभे राहत होते तेव्हा पालघरला जमिनीचा प्रश्न लोंबकळत होता. दादरी ते जेएनपीटी मालवाहू रेल्वेमार्गातही सगळ्यात मागे रेंगाळला तो महाराष्ट्रातलाच तुकडा. जपानमध्ये सगळं सुरळीत होतं असंही समजू नये. टोकियो-ओसाका मार्गाचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला आणि रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना उद्घाटनाच्या आदल्या वर्षी पद सोडावं लागलं. तिथे खर्च वाढल्याची किंमत एका माणसाने नावानिशी मोजली. आपल्याकडे अशी नावं आठवून पाहा.

राहिला मराठवाड्याचा आक्षेप: मुंबईच्या मेट्रोची हमी सरकारने घ्यायची, म्हणजे शेवटी झरीच्या कापूस-सोयाबीनवाल्याने खत-औषधावर भरलेल्या करातूनही ती जाणार, आणि त्याच्या वाट्याला काय? तक्रार खरी आहे, पण ती टोकियोकडे करण्यात अर्थ नाही. कुठल्या कामासाठी कर्ज मागायचं याची यादी राज्य आणि केंद्र सरकार करतं, जपान त्यातून निवडतो. मराठवाड्याच्या नावाने या यादीत लेणी गेली, सिंचन किंवा प्रक्रिया उद्योग त्या प्रमाणात गेले नाहीत. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा-बिडकीन आलं, आणि त्या पट्ट्याच्या मूळ महामंडळात जपानच्या सरकारी बँकेचा २६ टक्के हिस्सा होता. शेंद्र्यात पहिला मोठा कारखाना टाकला तो मात्र ह्योसंगने, म्हणजे कोरियन कंपनीने. एके काळी जपानचा पैसा घेणारा देश इथे गुंतवणूकदार म्हणून आला. बिडकीनसाठी टोयोटा-किर्लोस्करशी जुलै २०२४ मध्ये राज्याने सामंजस्य करार केला. वाळूजमध्ये बजाजमुळे चाळीस वर्षांत सुट्या भागांचे कारखानदार तयार झाले आहेत, तेव्हा गोव्यासारखी पाटी कोरी नाही. गाडीतले किती भाग इथे बनणार, आयटीआयच्या पोरांना कोण शिकवणार, हे करारात लिहून घेता येतं. परभणीसाठी याहून निकडीचं कलम पाण्याचं आहे. शेंद्रा-बिडकीनचं पाणी नाथसागरातून येतं, आणि पैठणच्या डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला परभणी जिल्ह्याची शेती आहे. कमी पावसाच्या वर्षी उद्योगाला किती आणि टोकाच्या शेतकऱ्याला किती, हा आकडा कारखान्याची पहिली गाडी बाहेर पडण्याच्या आधी ठरवून जाहीर करणं राज्याच्या हातात आहे.